गावकीपुढे ठेवलेला नारळ

७ ऑक्टोबर २०२५

आवडाबाई यांस,

पाकिटावर माझं नाव बघितलं असतंत तर हे पत्र तुम्ही सरळ चुलीत घातलं असतंत, म्हणून नाव घातलेलंच नाही. मी तुळसा, तुमची धाकटी जाऊ. आता उघडलंच आहे तर वाचा.

फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्याकडे रेंज येते ती फक्त अंगणाच्या कठड्यापाशी, आणि तिथे बोललेलं अख्ख्या आळीला ऐकू जातं. तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. अकरा वर्षं झाली, पण गावकीचा शब्द अजून तसाच आहे. आवडाबाईशी बोलायचं नाही, तिच्या सुखदुःखाला जायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

मी गळे काढायला लिहीत नाही. तुम्ही शेताच्या वाट्यासाठी गावकीला डावलून आमच्यावर कोर्टात गेलात, निकाल तुमच्या बाजूने लागला, आणि तरीही तुम्हाला शेताच्या बांधावर पाय ठेवू दिला नाही. हे आपल्या दोघींना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही.

काम असं आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईला वकील हवा आहे. जमिनीचा नको, डॉक्टरवर केस घेणारा हवा. तालुक्याला तिघांकडे जाऊन झालं. पहिला म्हणाला, माझी दोन्ही पोरं त्याच दवाखान्यात झाली, मी कसा उभा राहू? दुसरा म्हणाला, मी फक्त जमिनीचं बघतो, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याच दवाखान्याचं कॅलेंडर. तिसऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मी घरी पोचायच्या आत डॉक्टरांना सगळं कळलेलं होतं.

"मी" असं लिहून गेले. असू दे. ओळखीची बाई म्हणजे माझी तेजस्वी. तुम्ही जिला अंगाखांद्यावर खेळवलीत ती.

तुम्ही अलिबागच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. तिथला कुणी माहीत असेल तर दोन ओळी कळवा. पत्र माझ्या नावावर पाठवू नका. दिघीला कापडाच्या दुकानात अमिषाबेन आहेत, त्यांच्या पत्त्यावर पाठवा. मी त्यांच्याकडे अंडी द्यायला जाते. त्यांना आपल्या गावकीशी काही देणंघेणं नाही.

वाचून झाल्यावर मात्र चुलीत घालाच.

तुळसा

२४ ऑक्टोबर २०२५

आवडाबाय,

तू मला पूर्वीसारखं "तुळशे" म्हणून लिहिलंस, मग मी तरी अहोजाहो कशाला करू. अमिषाबेननी पाकीट दिलं तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्याच फोडायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "बेसो, पाणी पीओ." तुझं नागावचं घर, पाहुण्यांचा स्वयंपाक, तुझी कंबर, सगळं दोनदा वाचलं. आणि वकीलबाईंचं नाव पाठ करून तो तेवढा तुकडा गिळला नाही एवढंच.

तू विचारलंस, पोरीला झालंय तरी काय. मागच्या पत्रात लिहायला हात धजेना. आता लिहिते.

पहिलटकरीण म्हणून तिला रीतीप्रमाणे माहेरी आणली. मार्चमध्ये तालुक्याला सिझर झालं. मुलगी झाली, आरोही. बाळ धडधाकट आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तेजूची लघवी थांबेना. जरा गळते असं नव्हे गं. निजली तरी, उभी राहिली तरी, पोरीला पाजताना, सारखी ओली. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात होतं असं, थांबेल. पाऊस संपला तरी थांबलं नाही. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेली तर तिथल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं, सिझर करताना लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. ऑपरेशनने बुजवता येईल. जानेवारीत बोलावलंय.

एवढंच असतं तर मी वकील शोधला नसता. पण जावईबापू अजितराव तालुक्याच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. डॉक्टर त्यांना म्हणाले, हा तिचा जुना आजार, लग्नाआधीचा. झालं. आता ती माणसं म्हणतात, तुम्ही रोगी पोरगी आमच्या गळ्यात मारलीत. त्यांना सोडचिठ्ठी हवी आहे आणि आरोही हवी आहे. डॉक्टर खोटं बोलले हे कोर्टात ठरलं नाही तर पोर जाईल, आवडाबाय. मी आरोहीला मांडीवरून खाली ठेवत नाही. अंगणात गाडी वाजली की तिला घेऊन मागच्या खोलीत जाते.

आणि त्यात मी काय करून बसले ते ऐक. दसऱ्याला देवळात गावकीपुढे नारळ ठेवला. वाटलं, गाव पाठीशी उभं राहिलं तर डॉक्टर घाबरेल, वकीलही मिळेल. सदूभाऊ गावकीचे प्रमुख. त्यांनी नारळ उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "वैनी, आता ह्यो इषय तुमचा न्हाय, गावाचा हाय." तेव्हा मला धीर आला बघ! घरी येईपर्यंत उलगडा झाला. नारळ एकदा उचलला गेला की निवाडा गावकीचा. मग घरच्यांनी कोर्टाची पायरी चढायची नाही. तुझ्या बाबतीत हेच झालं होतं, आणि तरी मी आपल्या हाताने नारळ सोलून नेऊन ठेवला.

सदूभाऊ डॉक्टरांशी बोलून आले. डॉक्टर गावाला रुग्णवाहिका देणार आहेत. कायमची, ड्रायव्हरसकट. विषय मिटला. आता सगळा गाव माझ्याकडे बघून हसतो, गोड हसतो. वाईट याचं वाटतं की गाडी खरंच हवी आहे. सदूभाऊंचा सख्खा भाऊ गेल्या वर्षी टेंपोत, घाटातच गेला.

तुझ्या पत्रांचं आणि वकीलबाईंचं यांना काही सांगितलेलं नाही. तुझा दीर कसा आहे ते तुला माहीत आहे. गावकीत जे ठरेल ते त्याला देवाने सांगितल्यासारखं वाटतं.

तुळसा

२ नोव्हेंबर २०२५

आवडाबाय,

जाऊन आले. अलिबागला डोळे तपासायला जाते असं घरी सांगितलं. आगरदांड्याच्या फेरीबोटीत आपल्या आळीतला एक जण मोटारसायकल घेऊन चढला. मी पदर ओढून समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. त्याने मला पाहिलं की नाही देव जाणे. 

एस.टी. नागावला थांबली. माणसं उतरली, चढली. मी खिडकीत होते. उतरावं असं फार वाटलं. उतरले नाही. रागावू नकोस.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर हेमाली वकीलबाईंचं ऑफिस. वयाने आपल्या तेजूपेक्षा थोडीच मोठी, पण बोलायला ठाम. मुंबईचे कागद तिने तीनदा वाचले. मी म्हटलं, "बाई, त्या डॉक्टरांनी तुमच्या घरातलं कुणाचं बाळंतपण केलंय का?" ती हसली. म्हणाली, "काकी, माझं अजून लग्नच नाही झालं." मलाही हसू आलं, आणि लगेच रडू.

ती म्हणाली, केस उभी राहते. दवाखान्यातले कागद आपण लेखी मागू, ते त्यांना द्यावेच लागतात. नारळाचं सांगितलं तर म्हणाली, "नारळ ठेवल्याने हक्क जात नाही. आणि तुम्हाला वाळीत टाकलं तर तोच गुन्हा आहे, त्याला कायदा आहे." मी मान डोलावली. पण कायदा राहतो अलिबागला आणि आम्ही राहतो डोंगरात. लावणीला माणूस नाही आला, तिरडीला खांदा नाही मिळाला, तर त्या कायद्याला काय फोन करू? कठड्यापाशी उभी राहून?

आणि एक अडचण निघाली. सही तेजस्वीची लागेल, माझी चालणार नाही. तिला येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. घरी आल्यावर तिला हळूच सांगितलं. ती धुणं पिळत होती. पिळतच राहिली. म्हणाली, "आये, मी मरेन, पन ते चार मानसांत सांगनार न्हाय." ती घराबाहेर पडत नाही गं. दारात कुणी आलं तर आधी वास येतोय का ते मला विचारते.

आता काय करू ते कळव. मी भीत नाही असं समजू नकोस. मी इतकी भिते की मीठ घातलं की नाही ते आठवत नाही.

तुळसा

९ नोव्हेंबर २०२५

आवडाबाई,

काल भाताची झोडणी होती. सदूभाऊ खळ्यावर आले, पेंढ्यावर बसले, पाणी मागितलं. प्यायले आणि म्हणाले, "काय वैनी, अलिबागची हवा मानवली काय?" मी म्हटलं, डोळे दाखवायला गेले होते. ते म्हणाले, "डोल्यांचा दवाखाना झेराक्सच्या दुकानावर कवापासनं आला?"

झेरॉक्सचं दुकान मी फक्त तुला लिहिलं होतं.

रविवारी गावकी बसणार आहे. मुंबई मंडळाचे चाकरमानीही येणार आहेत. मला बोलावणं आहे.

एकच विचारते. त्यांनी तुला परत घ्यायचं कबूल केलं का? माझी पत्रं दाखवलीस तर तुझ्यावरचं वाळीत उठेल, असा निरोप आला का? आला असेल तर तसं सांग. अकरा वर्षं एकटीने काढणं काय असतं हे मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, त्यामुळे तू तसं केलं असशील तर मला नवल वाटणार नाही. पण आरोही माझ्या मांडीवर होती तेव्हा मी तुझ्यावर विश्वास टाकला, एवढं लक्षात ठेव.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

तुळसा

१८ नोव्हेंबर २०२५

आवडाबाय,

माझ्या जिभेला हाड नाही. हातालाही नाही असं म्हणायला हवं. तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. तुझ्या दिराने सांगितलं. वकीलबाईंचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या पोलक्यांच्या घडीत होता, तो त्यांना सापडला, आणि ते सरळ सदूभाऊंकडे गेले. घर वाचावं म्हणून गेले, असं म्हणतात. मी बोलले नाही त्यांच्याशी. सभेपर्यंत एक शब्द नाही.

सभेचं सांगते. देवळापुढच्या मंडपात जाजम घातलं होतं. पुरुष वर, आम्ही बायका पायऱ्यांवर. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. सदूभाऊ अगदी मऊ बोलत होते. "माझा भाव गाडी न्हाय म्हनून ग्येला. उद्या कुनाचं पोर जाईल. एका पोरीच्या दुखन्यापायी गावाची गाडी घालवायची काय? तुमीच सांगा." आणि सगळ्या माना हलल्या. माझीसुद्धा हलली असती. मुंबई मंडळाचा एक जण म्हणाला, असे आजार असतातच, लग्नाआधी नीट चौकशी करायला हवी. मग दुसरा बोलला, मग तिसरा. तेजूच्या अंगाची चर्चा देवळात चालली होती आणि मी पायरीवर दगड होऊन बसले होते.

तेजू कधी आली ते मी पाहिलंच नाही. आरोहीला घरी शेजारणीकडे ठेवून आली होती. पायऱ्यांवर थांबली नाही. सरळ वर गेली आणि पुरुषांच्या मधोमध जाजमावर बसली.  सदूभाऊ म्हणाले, "पोरी, तुजं काय म्हननं हाय?" ती म्हणाली, "तुमचं चालू द्या." पुन्हा बोलणं सुरू झालं. ती खाली बघून बसून राहिली. मला वाटलं, भितेय. मग ती उठली आणि बाजूला झाली.

जाजमावर ओलं झालं होतं. मोठं.

ती म्हणाली, "ह्ये बगा. मार्च म्हैन्यापासनं हे असं हाय. लग्नाआधी असतं तर ह्याच देवळात मी हलदीकुंकवाला बसले नसते. आता बोला, जुना आजार हाय का."

तिचा आवाज चिरका होत होता, पण तिने सगळं म्हटलं. मी एवढी घाबरले, आवडाबाय, की मला तिच्याकडे जाताच येईना.  कुणीतरी म्हणालं, देऊळ बाटलं. आणि मग तुझा दीर उठला. खांद्यावरचा टॉवेल काढला, गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांदेखत ते जाजम पुसायला लागला. पुसत पुसत म्हणाला, "नारल परत द्या." एवढंच. सदूभाऊ म्हणाले, दिलेला नारळ परत मिळत नाही. हे म्हणाले, "मग ठेवा."

वाळीत टाकलं. रीतसर, तिथेच. घरी येताना वाटेत एकाही दारात कुणी उभं नव्हतं. शेजारणीने आरोहीला आमच्या ओटीवर आणून ठेवलं आणि मान फिरवून गेली. पोर गोधडीवर एकटीच हातपाय हलवत होती. मी तिला उचलून आत नेलं.

तुझ्यावर आळ घेतला. तू काय ती शिक्षा दे.

तुळसा

२७ नोव्हेंबर २०२५

आवडाबाय,

तेजूने सही केली. तिला घेऊन हे स्वतः गेले होते. वकीलबाईंनी तिला आतल्या खोलीत एकटीला विचारलं, यांनाही बसू दिलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण फेरीबोटीत तिने कणीस मागून खाल्लं. तुझा निरोप पोचला. तू शिक्षा म्हणून पापलेटाचं कालवण मागितलंस. करीन. शेताच्या वाट्याचं हे स्वतः तुझ्याशी बोलणार आहेत, मी मधे पडत नाही.

इकडचं बरं नाही. झोडणी आम्ही तिघांनीच उरकली. दुकानात सामान देत नाहीत, मीठसुद्धा दिघीहून आणते. रात्री कुणी दारावर दगड मारतं, असं यांना वाटतं. मी म्हणते, झाडाची सुपारी पडते.  अजितरावांकडून माणूस आला होता, पोर द्या म्हणून. वकीलबाईंनी शिकवलं होतं तसं म्हटलं, कोर्टात बोलू. दाराची चौकट धरून म्हटलं.

हे पत्र मात्र वेगळ्या कामासाठी आहे. नीट वाच.

आम्हाला पाणवठा बंद आहे, म्हणून तेजूचं धुणं घेऊन मी वरच्या अंगाला व्हाळाच्या वाहत्या पाण्यावर जाते. तिथे कुणी येत नाही. परवा दुपारी धूत होते तर झाडीतून एक बाई आली. सदूभाऊंची सून, सोनल. बावीस-तेवीसची असेल, नवरा मुंबईला, मागच्या वर्षी बाळंत झाली. मला वाटलं, सासऱ्याने पाळत ठेवायला पाठवली. मी मान वर केली नाही. तीही बोलली नाही. बोलायला बंदीच आहे ना. माझ्यापासून जरा खाली बसली आणि पाटी सोडून धुवायला लागली.

मी तिरक्या नजरेने बघितलं. जुन्या लुगड्यांच्या घड्या. चौपदरी, मधे टाका घातलेल्या. एक धुतली, दुसरी काढली, तिसरी काढली. त्या घड्या कशाच्या असतात ते मला ओळखायला लागत नाही. रोज त्याच तर शिवते मी.

मी हातातलं थांबवलं. ती खाली बघूनच म्हणाली, "काकी, त्याच डाक्टरनी केलं व्हतं माजं. घरात कुनाला ठाव न्हाय. मामंजींना तर न्हायच न्हाय. मी आपली सांगते, पोटात दुखतंय." आणखी एक घडी पिळली. मग म्हणाली, "ती वकीलबाय दोघींचं घेते काय?"

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण समोरच्या उतारावर गुरं घेऊन कुणी होतं, म्हणून दोघी तशाच लांब लांब बसून धूत राहिलो.

काल दिघीहून फोन करून वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोघी असल्या तर डॉक्टरांना जुना आजार म्हणता येणार नाही. तेजूची पोर राहील असं त्यांना वाटतं. पण मला सोनलची भीती वाटते. आम्हाला गावाने टाकलं, तरी घर आमचं आहे. तिला घरातूनच टाकतील.

सोमवारी ती रेवदंड्याला माहेरी जाते असं सांगून निघेल आणि तुझ्याकडे उतरेल. दुसऱ्या दिवशी तिला अलिबागला पोचव. कधी एकटी प्रवास केलेली नाही, आणि एवढा वेळ गाडीत बसून यायचं म्हणजे तिच्या जिवाचं काय होईल ते तेजूलाच ठाऊक. दार उघडलंस की नाव, गाव, कुणाची कोण, काही विचारू नकोस. आधी तिला कोरडं नेसायला दे.

तुळसा